नावाआधीची रेघ

प्रिंटरसाठी कागद मागायला तो दुसऱ्या मजल्यावरून खाली आला, आणि ध्वनिसंग्रहाच्या खोलीत एक मुलगी संगणकाची चक्क मनधरणी करताना पाहून दारातच थबकला.

"माझ्याशी बोलताय?"

"नाही… हा ऐकत नाही ना, म्हणून…"

जुन्या कीर्तनांच्या फिती ती संगणकावर उतरवून घेई. आवाज स्वच्छ करायला तिने पायथन या संगणकभाषेत एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली होती. ती चालवायच्या आज्ञेत आधी पर्याय द्यायचे, म्हणजे आवाज किती गाळायचा वगैरे सूचना, मग फायलींची नावं. पण काही नावांपाशी स्क्रिप्ट अडून बसे. म्हणे, हा पर्याय माझ्या ओळखीचा नाही.

तो प्रोग्रामर. बघतो म्हणाला, आणि तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत येऊन बघतच राहिला. कधी पर्यायांचा क्रम, कधी त्यांची अक्षरं, आणि मध्येच… तिच्याकडे. शेजारच्या टेबलावरच्या काकू म्हणाल्या, एवढ्यात माझा अख्खा स्वेटर विणून झाला असता.

चौथ्या दिवशी सकाळी तिची तिलाच गोम सापडली. आधीचे संग्राहक खराब फितीच्या नावाआधी खूण म्हणून आडवी रेघ मारत. पर्यायही रेघेनेच सुरू होत, म्हणून रेघेने सुरू होणारं नाव स्क्रिप्टला पर्यायच वाटे! तिने नावांची यादी सुरू होण्याआधी एकदाच दोन सुट्या रेघा टाकल्या, म्हणजे इथून पुढे फक्त नावं. सत्तरच्या सत्तर फायली सुरळीत पार पडल्या.

तिला हर्ष झाला, पण लगेच मनात आलं, आता तो खाली कशाला येईल?

देवा, एवढी लबाडी पोटात घे, असं पुटपुटत तिने जुनीच आज्ञा पुन्हा चालवली. चूक पडद्यावर हजर.

दुपारी तो आला. मागची आज्ञा बघायला त्याने वरच्या बाणाचं बटण दाबलं. मग आणखी एकदा… संगणक टाइप केलेलं सगळं लक्षात ठेवतो, हे ती साफ विसरली होती. सकाळची आज्ञा, दोन रेघांसकट, समोर उभी.

"हे तर सुटलंय. मग जुनीच आज्ञा पुन्हा का चालवलीत?"

तिने घाईने ती आज्ञा पुसून टाकली. काकूंच्या सुया थांबल्या.

"रेघेचं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," तो हळूच म्हणाला.

"आणि तीन दिवस गप्प बसलात?"

"सांगितलं असतं, तर वर जावं लागलं असतं…"

ती रागवायला गेली आणि तिला हसूच फुटलं.

"मग उद्यासाठी काय बिघडवायचं?" त्याने विचारलं.

"काही नको," ती म्हणाली. "नुसते या ना… मी वाट बघते."