एक नोट जास्त

मोबाइल आधी खाली ठेवा सगळ्यांनी. उपडे. तुमची आत्या मगाशी सांगत होती, फोनचं क्लाउड भरलंय, फोटो मावत नाहीत म्हणून. तुम्ही दात काढत होतात, मी गप्प बसलो. मला त्या गोष्टीचं हसू येत नाही. का ते सांगतो, पण मध्ये कुणी उठायचं नाही. आणि उद्या झोप लागली नाही म्हणून तुमच्या आया माझ्या डोक्यावर बसल्या, तर मी काहीच सांगितलं नव्हतं. कळलं?

माझ्या घड्याळांच्या दुकानाला लागून चाव्या बनवायचं दुकान आहे ना, ते तेव्हा सासरा-जावई दोघं मिळून चालवायचे. सासऱ्यांना एकच मुलगी, म्हणून जावयाला हाताशी धरून त्यांनी काम शिकवलं. म्हातारा कामात चोख, पण तोंडाचा फटकळ. त्यांचा एक नियम होता. बनवताना एखादी चावी चुकली, तर गिऱ्हाइकासमोर ती टेबलावरच्या लोखंडी व्हाइसच्या जबड्यात आवळायची आणि मोडायची. माथ्याकडचा तुकडा गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचा. दातांकडचा तुकडा त्याच्या देखत कानशीनं घासून सपाट करायचा. "तुमच्या घरात शिरायची वाट आमच्याकडे राहिली नाही, ही त्याची पावती," म्हणायचे.

जावयाला ही थेरं वाटायची. तो नव्या जमान्याचा. बनवलेल्या प्रत्येक चावीचा तो गुपचूप फोटो काढायचा आणि बरोबर एक नोट लिहून ठेवायचा, कुणाचं घर, कुठलं दार. कुणी चावी हरवून रडकुंडीला येऊन उभं राहिलं की फोटोवरून पाच मिनिटांत नवी चावी तयार. लोक तोंडात बोटं घालायचे. सगळे त्याला जादूगारच म्हणायला लागले, आणि गड्याला ते नाव फार आवडायचं.

एक दिवस सासऱ्यांना हे कळलं. गिऱ्हाइकं उभी असताना म्हातारा असा कडाडला की माझ्या हातातलं घड्याळ सुटलं.

"घराघरांत शिरायची वाट खिशात घालून हिंडतोस? पूस! आत्ताच्या आत्ता पूस!"

जावयानं निमूटपणे फोनमधले फोटो काढून टाकले. म्हाताऱ्याला फोनमधलं फारसं कळत नव्हतं. त्यांनी रिकामा फोन उलटसुलट करून पाहिला, आणि शाळेतून आलेल्या नातीला पुढे ओढलं. सहा वर्षांची पोर ती.

"ठेव हात हिच्या डोक्यावर. म्हण, एकही राहिली नाही."

त्यानं हात ठेवला. म्हणाला.

आणि पोरांनो, त्याला ठाऊक होतं. फोनमधून गेलं तरी क्लाउडमध्ये एकूण एक चावी शाबूत होती. फोनवर नाही म्हणजे नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली. मला त्या माणसाचा अजून राग येतो. खोटं बोलायला काही वाटलं नाही ते सोडा, पण स्वतःच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून?

"खोटं निघालं, तर..." म्हातारा एवढंच बोलला. नातीकडे बघत राहिला. दोन महिन्यांनी दवाखान्यात गेला, तो परत आला नाही.

आता त्या रात्रीचं सांगतो. गेल्या नोव्हेंबरातला एकोणीस तारखेचा बुधवार. संध्याकाळी एका बाईंची चावी बनवून जावयानं सवयीनं फोटो काढला, तर फोन म्हणाला, जागा संपली. साधी गोष्ट. त्यानं घरी बायकोला कळवलं, थोडं काम आहे, दार आतून लावून झोपा. मी माझं दुकान बंद करून निघालो तेव्हा त्याचं शटर अर्धं खाली होतं आणि आत दिवा होता. "बस कर रे आता," म्हटलं. "फक्त किती साठलंय ते बघतो, काका," म्हणाला. मी घरी गेलो. पुढचं त्यानंच मला सांगितलं.

त्यानं क्लाउड उघडलं. फोटोंच्या फाइल चारशे बारा. नोट्स चारशे तेरा.

हे काही जुळेना. एका चावीमागे एक फोटो आणि एक नोट, असा त्याचा हिशेब होता. एक नोट जास्त कशी? दोनदा लिहिली असेल कधी तरी, असं म्हणत त्यानं नवी आधी, जुनी नंतर अशी यादी लावली. सगळ्यात वरची नोट आजची होती. दहा पस्तीसची. त्यानं घड्याळ पाहिलं. दहा पस्तीसच झाले होते.

नोटमध्ये तीन शब्द होते. "जावईबापूंचं राहतं घर."

जावईबापू म्हणणारा जगात एकच माणूस होता.

कुणीतरी पासवर्ड चोरून चेष्टा करतंय, असं त्याला वाटलं. त्यानं दोन कचकचीत शिव्या घातल्या आणि नोट पुसली. पुन्हा आकडा पाहिला. नोट्स चारशे तेराच. आणि आता फाइलही चारशे तेरा.

नवा फोटो आला होता.

व्हाइसमध्ये आवळलेली पितळी चावी. समोरचाच व्हाइस. त्याच्या कोपऱ्यावरचा हिरव्या रंगाचा टवका दिसत होता. चावीवर एक अंगठा टेकलेला, नख मधोमध चिरलेलं. हातोडी बसून चिरलेलं ते नख त्यानं शेवटचं पाहिलं होतं दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीवर. मान वर करून त्यानं समोर पाहिलं. व्हाइस रिकामा होता.

चावी त्यानं लगेच ओळखली. त्याच्याच घराची. ते कुलूप सासऱ्यांनी स्वतः बसवलं होतं. त्याच्या दोनच चाव्या, एक त्याच्या खिशात आणि दुसरी बायकोकडे. लोकांच्या चाव्यांचे फोटो काढणाऱ्यानं स्वतःची चावी मात्र कधी कॅमेऱ्यासमोर धरली नव्हती.

"मग काका, फोटो काढला कुणी?"

गप्प बैस रे पोरा. तेच सांगतोय.

आकडा वाढला. चारशे चौदा. नोट आली. "मोठं दार. बाहेरून." फोटोत त्याचं दार होतं, दारावरची घराची पाटी होती.

चारशे पंधरा. "मोठं दार. आतून."

फोटोत चपलांची मांडणी. त्यात पोरीचे शाळेचे बूट... एक सरळ, एक आडवा.

त्याची पाचावर धारण बसली. त्यानं बायकोला फोन लावला. ती झोपेतच बोलली.

"काय हो?"

"दार नीट लावलंस ना?"

"आता काय विचारताय? तुम्हीच नाही का उघडून आलात? चावीचा आवाज आला की."

"मी दुकानात आहे."

पलीकडे पांघरूण सरकल्याचा आवाज आला.

"अगं, ऐकतेस ना?"

"मग..." तिचा आवाज बारीक झाला. "मग पोरीच्या खोलीत दिवा कुणी..."

फोन तुटला.

पुन्हा लावला. लागेना. पुन्हा. लागेना. हातातल्या पडद्यावर नवी नोट उमटली.

"चारशे बारा घरं ठेवलीस. हे माझं एक."

तेव्हा त्याला सगळं कळलं. "पुसतो, मामा, पुसतो," असं सासऱ्यांना उद्देशून पुटपुटत त्यानं सगळं निवडलं. पुसलं. कचऱ्याच्या डब्यातूनही काढलं. आकडे भराभरा उतरले. फाइल शून्य. नोट्स शून्य. शटर तसंच टाकून त्यानं स्कूटर काढली.

दाराशी आला. खिशातली चावी कुलपात घातली. फिरेना. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी... फिरेना. त्यानं दारावर मुठी आपटल्या. मग दार बायकोनं उघडलं.

"माझी चावी उशाखालीच आहे," ती म्हणाली. "मला अंथरुणातून उठताच येईना. पाय उचलेनात."

पोरीच्या खोलीत दिवा चालू. पोर पलंगावर ताठ बसलेली. जागी. उजवी मूठ घट्ट मिटलेली.

"आजोबा आले होते. खूप रागावलेत."

"मूठ उघड, बाळा."

पोरीनं मूठ उघडली. आत चावीचा तुकडा. माथ्याकडचा. कोरा करकरीत, नुकताच मोडलेला. त्यानं उचलला, तर कोमट लागला.

"दुसरा... दुसरा तुकडा कुठं आहे?"

"मी मागितला. नाही म्हणाले." पोरीनं आजोबांसारखंच बोट नाचवलं. "म्हणाले, तुझा बाप लोकांच्या घराची वाट ठेवतो. तुमच्या घराची मी ठेवतो."

"पुसल्या, मामा!" तो रिकाम्या खोलीत ओरडला. "सगळ्या पुसल्या! पोरीला हात लावू नका!"



रात्रभर दोघं पोरीला मध्ये घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी त्यानं नवं कुलूप आणलं, वेगळ्या बनावटीचं, आणि स्वतः बसवलं. त्याच्या चाव्या त्यानं मलाही दाखवल्या नाहीत. जुनी चावी या कुलपाला लागणार नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? संध्याकाळी जरा हसलाही माझ्याशी.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो मला बोलवायला आला. हाताला धरून घरी घेऊन गेला. दार बंदच होतं, त्यानं माझ्यासमोर उघडलं. आत पाऊल टाकणार, तर त्यानं मला अडवलं आणि खाली बोट दाखवलं.

मी वाकून बघितलं. चिमूटभर बोटावर घेतलं.

उंबऱ्याशी, दाराच्या आतल्या बाजूला, पितळेचा चुरा पडला होता. ताजा. नवी चावी घासताना पडतो, तसा.