मादलंडांच्या नावाची जोडी

मडिकेरीत उस्मानकाकांच्या दुकानात देचम्मानं एका टायरवर हात ठेवला, आणि त्याच टायरवर पलीकडून आणखी एक हात पडला.

"हे माझे," तो म्हणाला. "म्हणजे... बाजूला ठेवायला सांगितलेले."

चेंगप्पा नाव त्याचं. हसला की गालावर खळी पडायची, आणि मेला सारखा हसतच होता.

देचम्माची पंचाईत झाली. उद्या अप्पांना घेऊन तिला घाट उतरून मंगळूरला जायचं होतं आणि गाडीचे मागचे टायर पार गुळगुळीत झालेले. पुढचे ज्या कंपनीचे, त्या कंपनीची ही एवढीच जोडी उरली होती. एक तुम्ही घ्या, एक मी घेते, सोबतीला दुसरा कुठल्याही कंपनीचा लावू, असा तोडगा तिनं काढला.

"मागे दोन चाकांना दोन कंपन्या? घाटात ब्रेक दाबलात की गाडी भलतीकडे ओढेल. पुढे एक, मागे दुसरी, एवढं एक वेळ चालेल. पण जोडी फोडायची नाही."

"फारच काळजी हो तुम्हाला जोडीची."

"आजपासून..." तो म्हणाला आणि स्वतःच लाजला.

काकांनी कॉफी मागवली. मग काय, गप्पांना ऊत आला. यंदाची मिरी, माकडांचा उच्छाद, काय नि काय. खरं तर कूर्गचे दोन कोडव लोक भेटले की आधी घराणं विचारतात. एका घराण्यातली पोरं म्हणजे भाऊबहीण, नातं कितीही लांबचं असो, लग्नाचं नाव काढायचं नाही. कॉफी संपत आली तरी त्यानं विचारलं नव्हतं. तिनंही नाही. नकोच ते, इतकं छान चाललंय, असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात काकांनी आतून हाक दिली. "चेंगप्पा, मादलंडांच्या नावानं ठेवलेली जोडी हीच ना?"

देचम्मा स्वतः मादलंडा घराण्यातलीच. भाऊच निघाला की हा! तिनं कप खाली ठेवला.

"घ्या तुम्हीच टायर," ती म्हणाली. "...दादा."

"दादा?" तो दचकला. "तुम्ही मादलंडा?"

तिनं मान हलवली. रडूच यायचं बाकी होतं.

"अहो, जीप मामाची आहे! मादलंडा माझ्या आईचं माहेर. मी केळेटिरा." बोलता बोलता त्याचे कान लाल झाले. "म्हणजे तुम्ही मला... मामाच्या घरातली मुलगी."

देचम्माला हसू आवरेना. त्यानं एव्हाना एक टायर तिच्या गाडीकडे ढकलत न्यायला घेतला होता. मामाची जीप मळ्यातच फिरते, तिला मागे दुसऱ्या कंपनीची जोडी चालेल, घाट तुम्हाला उतरायचाय, असं तो पुटपुटत होता.

"मामा ओरडतील तुम्हाला."

"ओरडतीलच."

"मग सांगा त्यांना, टायर घराबाहेर गेले नाहीत म्हणून."

तो थांबला. "आणि मुलगी?"

देचम्मानं गाडीची डिकी उघडली, उगाच आत काहीतरी शोधलं.

"ती जाईल बहुतेक," ती म्हणाली.