ओल्या पोटाची टिटवी

स्प्रिंग ब्रेकच्या तिसऱ्याच दिवशी रोनितचा चेंडू बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गेला आणि तो आणायला गेलेली रिद्धी डोकं धरून परत आली. एक टिटवी तिच्या अंगावर झेपावली होती.

"तरी मी सांगत होते," शेजारच्या उर्मिलाकाकू बाल्कनीतून म्हणाल्या. टिटवी ओरडली की काहीतरी अशुभ घडणारच, अशी त्यांची ठाम समजूत. पंधरा दिवस ते ओरडणं ऐकून त्यांनी बिल्डिंगचे सुपरवायझर जहूरभाई यांचा पिच्छाच पुरवला होता. तिथल्या पार्किंगचं काम लवकर घ्या म्हणून. आज चार वाजता प्लॉटवर रोलर फिरणार होता.

रिद्धीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दुबईतलं हे सगळं सिलिकॉन ओएसिस मोकळं पडलेलं असताना ही बया इथेच का ठाण मांडून बसलीय? टिटवी जमिनीवरच अंडी घालते, हे तिला ठाऊक होतं.

रोनित अंडी शोधायला धावला, तर टिटवी पंख मोडल्यासारखी लंगडत पळू लागली. तो तिच्यामागे पार रस्त्यापर्यंत गेला, आणि तिथून बाईसाहेब मजेत उडाल्या.

"शी फूल्ड यू, ब्रो," त्यांच्यासोबत खेळणारी इनाया हसून लोळायची बाकी होती.

साडेतीन वाजले. रिद्धीने दोघांना दटावून एका गाडीआड बसवलं. थोड्या वेळाने टिटवी एसीच्या पाण्याच्या डबक्यात उतरली, पोट भिजवलं आणि तुरुतुरु निघाली.

"अंडी गार करायला चाललीय," रिद्धी कुजबुजली. "ती बसेल तिथेच घरटं."

ती बसली, आणि त्याच क्षणी रोलर घरघरत आत शिरला. तिघं "अंडे हैं, अंडे!" ओरडत हात पसरून आडवी धावली.

"खलास, बस हो गया, बच्चा लोग, हटो!" जहूरभाई तरातरा पुढे आले. "कहाँ है अंडा?"

"आपके बूट के पास," रिद्धी म्हणाली.

जहूरभाईंचा उचललेला पाय तसाच अधांतरी राहिला. खड्यांत खड्यांसारखीच चार ठिपकेदार अंडी होती. त्यांनी हळूच पाय मागे घेतला, रोलर परत पाठवला आणि भोवती केशरी कोन मांडले. "शाबाश, बेटा," एवढंच ते म्हणाले. रिद्धीला हायसं वाटलं.

खाली आलेल्या काकू अंडी बघून ओशाळल्या. "मला मेलीला वाटलं, अपशकुन करतेय."

"शी वॉज जस्ट बीइंग अ मॉम, काकू," रिद्धी म्हणाली.

काकूंनी रिद्धीच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, टिटवी देखील समुद्र आटविते म्हणतात, तुम्ही तर रोलर थांबवलात.

दुसऱ्या दिवशी काकू पुरणपोळ्यांची कणीक मळायची मोठी परात पाण्याने भरून कोनांजवळ ठेवायला गेल्या. टिटवी त्यांच्यावरही तुटून पडली.

"ओरड बाई, ओरड," डोक्यावर पदर घेत काकू म्हणाल्या. "तुझा हक्कच आहे."