स्वस्तातली शांतता

निःशब्द कक्षात बसले की प्रथम स्वतःचा श्वास ऐकू येतो, मग कानामागून वाहणारे रक्त, आणि फार वेळ थांबले तर वाटते, कुठेतरी दूर पाण्यावर धुके उतरते आहे. वल्लभला ती जागा आवडे. नाशिकबाहेरच्या टेकडीवरील त्या चाचणी प्रयोगशाळेत जिथे बोलावे लागत नसे, अशी ती एकच खोली होती.

टेबलावर बिनतारी कर्णिकांच्या पाच जोड्या मांडल्या होत्या. बाजारात त्यांना सगळे इअरबड्सच म्हणत; 'कर्णिका' हा शब्द प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. इरावती ताम्हनकर यांचा. साध्या माणसाने रोजच्या वापरासाठी परवडणारी कोणती जोडी घ्यावी, याची शिफारस त्या दोघांना करायची होती. एक जोडी कानात टोचत होती. दुसरीची बॅटरी दुपारीच मान टाकत होती. तिसरीतून फोनवर बोलणारा विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा वाटे. चौथी उत्तम, पण महाग.

"आणि ही पाचवी," ताम्हनकरबाईंनी चिंचोक्याएवढी कर्णिका तळहातावर घेतली. "किंमत चौथीच्या निम्मी, शांतता तिच्याहून गाढ. कशी, सांग बघू?"

"महागड्या कर्णिकेत वेगवान चिप असते," वल्लभ हळूच म्हणाला. "बाहेरचा आवाज आला की ती तत्क्षणी त्याची उलटी लहर सोडते. मूळ लहरीत उंचवटा, तिथे हिच्यात खळगा. दोन्ही भेटतात आणि विरून जातात."

"हिची चिप तर संथ आहे. मग?"

"मग ही आवाजाची वाट पाहत नसेल. आधीच अंदाज बांधत असेल."

"शाबास! याला पूर्वशमन म्हणायचं. पंखा, कुकर, शेजाऱ्यांची दुचाकी, सगळे रोजच्याच वेळी येतात. ही ते पाठ करते आणि उलटी लहर तयार ठेवते. पाठ झालेलं पुसलं जातं, नवं असेल ते कानापर्यंत पोचतं. रस्त्यावरचा अनोळखी हॉर्न बरोबर ऐकू येईल. हिच्या दोन जोड्या घरी ने. नियम माहीत आहे ना? उठल्यापासून झोपेपर्यंत कानात. एक तुझ्या, एक घरातल्या दुसऱ्या माणसाच्या."

घरातले दुसरे माणूस म्हणजे बाबा. विमा कार्यालयातून निवृत्त झाल्यापासून ते रस्त्याकडच्या खिडकीपाशी खुर्ची टाकून येणारे-जाणारे बघत बसत. "कानात बिया पेरतोस होय रे?" असे म्हणत त्यांनी कर्णिका घातल्या, आणि मग त्यांना त्या आवडूही लागल्या.

आधी पंखा विरला. मग कुकरची शिट्टी, मग जिन्यावरची पावले. घर सावकाश पाण्याखाली उतरत होते आणि वल्लभ त्या निळसर शांततेत तरंगत होता. मग केव्हातरी बाबांचे बोलणेही कमी होत गेले. संध्याकाळी दार उघडून तो नेहमीप्रमाणे "आलो, बाबा" म्हणे. खिडकीकडे तोंड केलेले बाबा वळत नसत. ते रागावले असावेत, असे त्याला वाटले. विचारण्याचे धैर्य मात्र झाले नाही. माणसांचे बोलणेही पाठ होण्याजोगे असते, ही गोष्ट आवाजाचाच अभ्यास केलेल्या त्या मुलाच्या मनात आली नाही.

एके सकाळी बाबा म्हणाले, "मी शर्वरीकडे सांगलीला जातो. आता लेकीकडेच राहीन म्हणतो."

ते वाक्य लख्ख ऐकू आले. पूर्वी कधी ते उच्चारले गेले नव्हते. वल्लभला बरेच काही म्हणायचे होते, बाहेर पडले ते नुसते "बरं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने कुलूप काढले. घर रिकामे होते. खुर्चीवर मावळते ऊन पडले होते. आणि अगदी कानाशी बाबा म्हणाले, "आलास? बस जरा माझ्याजवळ."

त्याने कर्णिका काढल्या. काहीच नव्हते.

सकाळी त्याने हे सांगितले तेव्हा ताम्हनकरबाईंनी त्याची कर्णिका हातात घेतली. "कानाला उलटी लहर आणि सुलटी लहर यांतला फरक कळत नाही, वल्लभ. पुसायला खरा आवाजच नसला, तर पुसणारी लहरच आवाज होऊन ऐकू येते."

"म्हणजे बाबा हे रोज म्हणत होते?"

"शेवटच्या संध्याकाळपर्यंत. मध्ये थांबले असते, तर ही विसरली असती. हिची स्मृती तुटपुंजी, म्हणून तर स्वस्त. आणि तू काय म्हणायचास त्यांना?"

"'आलो, बाबा.'"

"बस? एवढंच? अरे, मग तू तर त्यांच्या जोडीला पहिल्या झटक्यात पाठ झाला असशील!" बाई हसल्या, आणि हसता हसता थांबल्या.

"रोजच्या वापरासाठी ही नको," वल्लभ म्हणाला. "रोजचंच तर ही पुसते."

त्याने सांगलीला फोन लावला. शर्वरीताई म्हणाली, "बरं झालं केलास. काल संध्याकाळी बाबा एकदम म्हणाले, वल्लभ आला, 'आलो, बाबा' म्हणाला. मी म्हटलं, भास असेल. आता कानातलं ते काढायलाच तयार नाहीत. काढलं तर तो यायचा थांबेल म्हणतात. तुझी जादू तूच येऊन आवर रे बाबा."

तो निघाला. पोचला तेव्हा दिवस कलला होता. सांगलीच्या घरातही बाबांची खुर्ची खिडकीपाशीच होती, पण परसाकडच्या, पाठ दाराकडे. वेळ नेहमीचीच झाली होती. शर्वरीताईने त्याला पुढे जायला खुणावले. तोंडातून आपसूक आले तेच तो म्हणाला, "आलो, बाबा."

बाबा हलले नाहीत. थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघतच ते म्हणाले, "शर्वरी, आज तो आला नाही गं."

काल तो नव्हता, म्हणून आवाज उरला होता. आज तो खरोखर आला होता, त्याच शब्दांत, त्याच वेळी, आणि दोन्ही लहरी एकमेकींत मिटून गेल्या होत्या.

वल्लभ उंबऱ्यावर थबकला. पुढे होऊन खांद्यावर हात ठेवावा, अशी त्या बापलेकांत कधी रीत नव्हती. उरले होते ते शब्दच, आणि तेही असे हवे होते, जे त्याने आजवर या माणसाला एकदाही ऐकवले नव्हते. ते त्याच्यापाशी पुष्कळ होते. सगळे कोरे.

"मला तुमच्याशिवाय करमत नाही," तो म्हणाला.

बाबांची मान सावकाश वळली. डोळे आधी रिकाम्या भिंतीवरून फिरले, मग त्याच्यावर येऊन थांबले.

"काय म्हणालास?"

तेच वाक्य पुन्हा म्हणता आले असते. वल्लभने दुसरे शोधले.