वाट झाडण्याचा मान

रेशन दुकानात तांदळाच्या काट्याशेजारी वंशपेटी ठेवलेली. जिभेवर कागदाची पट्टी फिरवायची, फटीत सरकवायची, की पेटी थुंकीतली जनुकं वाचायची, गावच्या दप्तरातल्या मोडी कागदांशी ताडून बघायची आणि आठ पिढ्या धडाधड बोलून दाखवायची. शिमग्यात पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून कातळवण्यात तीन वर्षं डोकी फुटत होती, म्हणून गावकीनं, म्हणजे मानकऱ्यांच्या बैठकीनं, ती आणली. ठराव झाला: पेटी सांगेल तो मान. मूळ घराण्यांचं रक्त ज्या घरात, त्या दारात पालखी जाणार.

शेवंतीनं हेच वाक्य पकडलं. पालखी दरवर्षी तिच्या सिद्दीवाडीच्या बांधावरून माघारी वळायची आणि तिची आई, साखराबाई, तिथूनच हात जोडायची. साठ वर्षं. एकदा तरी आयेच्या दारात देवी यावी, एवढंच शेवंतीला हवं होतं.

"सरका रे, आफ्रिका आली!" रांगेतला सुभ्या खिदळला. याच्यासारख्यांपायीच तिनं नववीत शाळा सोडलेली.

"थोबाड आवर, नायतर दात गोळा करत बसशील," ती म्हणाली आणि पट्टी लावली.

गावप्रमुख बापू राऊळ काट्यावर रेलून हसत होते. "लाव गो. हौस फिटू दे तुझी."

पेटी घुमली. मग स्वच्छ आवाजात बोलली, "राऊळ घराणं. सातव्या पिढीत पुरुष, दादजी राऊळ. स्त्री, नाव नोंदलेलं नाही. गलबतातून आणलेली, बंदरावर विकत घेतलेली बटीक. तिला घरातच मुलगा झाला."

रांगेतल्या माना बापूंकडं वळल्या. सुभ्याचीसुद्धा.

"म्हणजे तुम्ही माझे काका लागता, बापू," शेवंती म्हणाली. "तुमच्याच घरानं माणूस विकत घेतलं, आणि आम्ही बांधापलीकडं?"

बापूंचं हसू मावळलं होतं. "काका-बिका काय नाय. पेटीला मान विचारा."

"बटकीच्या वंशाचा मान," पेटी म्हणाली. "पालखीपुढं वाट झाडणं. जुन्या कागदात आहे."

बापूंनी मोठा श्वास सोडला. रांगेत कुणीतरी टाळी वाजवली.

"झालं तर!" बापू म्हणाले. "रक्तही निघालं, मानही निघाला. येणार हो पालखी तुमच्या दारात."

"आणि विकत घेणाऱ्याचा मान काय?" शेवंती पेटीवर हात आपटून ओरडली.

"हा प्रश्न गावकीनं भरलेला नाही," पेटी म्हणाली.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. "आपण नाय जायचं, आये. थुंकते मी असल्या मानावर."

साखराबाईनं चुलीत लाकूड सरकवलं. "देवी येईल ना पण?"

"झाडूवाली म्हणून नेतायत तुला!"

"झाडू तर मी रोजच मारते गो. त्यांच्याच अंगणात."



शिमग्याच्या तिसऱ्या दिवशी ढोल बांध ओलांडून आले. सगळ्यात पुढं साखराबाई, पदर खोचून, वाकून, लाल माती झाडत. नियम पेटीनंच वाचून दाखवलेला: झाडणारीनं थांबायचं नाही, मागं वळायचं नाही. ती झाडत झाडत स्वतःच्या दारासमोरून गेली आणि तशीच पुढं सरकली. मागून पालखी आली, दारात थांबली, खांद्यांवर नाचली. शेवंती उंबऱ्यात नारळ घेऊन उभी होती. तो देवीपुढं ठेवावा की बापूंच्या डोक्यात घालावा, तिला कळेना.

"आये, थांब! बघ तरी!"

"थांबवू नको तिला," बापू खेकसले. "पालखी अडते."

साखराबाई थांबली नाही. धुळीतून, पाठमोरीच, तिनं विचारलं, "शेवंते, आली काय गो आपल्या दारात?"