पुसलेलं कुंकू

पोरांनो, नाथाजी मास्तरांना मी चांगला ओळखत होतो. त्यांच्यावर गुदरलेली ही गोष्ट, साल त्रेचाळीस, मार्गशीर्षातली अमावास्या. साताऱ्याहून मास्तर कडेगावला निघाले ते एक जुनं तैलचित्र साफ करायला. मास्तर चित्रकला शिकवायचे, आणि चांगलं चित्र दिसलं की तहानभूक विसरायचे.

चित्र होतं तिथल्या रंगूबाईंच्या माजघरात, पन्नासएक वर्षांपूर्वीचं. हातात निरांजन घेतलेली हिरव्या चुड्याची बाई. गालावर दिव्याचा उजेड असा उतरला होता की मास्तरांना गहिवरून आलं. पण कपाळ कुंकवानं पार माखलेलं. घरच्या बायका तिला देवी समजून रोज कुंकू लावत.

"आवं मास्तर, समदं पुसा, पर कपाळाला हात लावू नगा," रंगूबाई म्हणाल्या. "माझा अर्जुना लढाईवर हाय."

सून अंजना, अर्जुनाची बायको, दाराआड उभी होती. तिनं हातातला हिरवा चुडा मागं सारला.

मास्तरांनी मान डोलावली. पण चित्रवेडा माणूस तो! सगळे निजल्यावर मोह आवरेना. चिताऱ्यानं कपाळ कसं रंगवलंय, एवढंच बघायचं होतं. टर्पेंटाईनचा बोळा हळूच फिरवला. वरचं कुंकू निघालं. आणि त्याबरोबर खालचं, चिताऱ्यानं रंगवलेलंही.

कपाळ पांढरंफटक.

मास्तरांनी घाईनं कुंचला काढला, लाल रंग टेकवला. ओघळला. पुन्हा टेकवला. ओघळला...

खळ्कन काच फुटली.

मास्तर वळले. दारात अंजना.

"मास्तर... काय केलंत?"

त्यांनी आधी तिचे हात पाहिले. चुडा शाबूत होता.

मग कंदील चित्रापुढं धरला.

चित्रातल्या बाईची मनगटं... मोकळी.

चित्राखाली जमिनीवर हिरव्या काचेचे तुकडे. अंजनानं ते मुकाट्यानं गोळा केले आणि मास्तरांच्या हातात दिले. सासूला दोघांनीही सांगितलं नाही, पण सकाळी रंगूबाईंनी चित्राकडे पाहिलं आणि मटकन खाली बसल्या.

पुढं दोन वर्षं त्या घरानं कशी काढली, ते त्यांनाच ठाऊक. लढाई संपली आणि अर्जुना धडधाकट परत आला. मास्तर त्याला भेटायला गेले.

"दोन सालामागं मार्गशीर्षातल्या अवसंला तोफेचा गोळा म्होरंच पडला हुता," तो म्हणाला. "फुटलाच न्हाई, बगा."

मास्तर घरी आले ते तापानं फणफणत. मी गेलो तेव्हा त्यांनी उशाखालची पुडी माझ्यापुढं सोडली. हिरव्या काचेचे तुकडे. मी एक उचलून पालथा केला, तर पाठीला तैलरंग.

बोटाला लागला. अजून ओला होता...