मागच्या सीटवरचा कंप्युटर

"मॅडम, तुमचा कंप्युटर गाडीत बसंल का?"

शिवकांताने मान वर केली. दोन हजार सालचा हिवाळा होता. परळीत कंप्युटर क्लास काढल्यापासून लोकांनी तिला नाना प्रश्न विचारले होते, पण हा अगदीच नवा! दारात एक उंच तरुण ग्रीसने काळे झालेले हात पाठीमागे लपवत उभा होता. रस्त्यावर त्याची लाल गाडी खडखडत होती.

"आधी नाव सांगा. मग बसंल का ते बघू."

तो ओशाळून हसला. "बसवेश्वर. सिरसाळ्याचा."

पुण्यातून इंजिनियर होऊन आलेल्या या गड्याने गाडीला सुपरचार्जर बसवला होता. ते यंत्र इंजिनात जास्तीची हवा कोंबायचं, पण गाडीच्या मूळच्या कंप्युटरला त्याचा पत्ताच नव्हता. पेट्रोल जुन्याच मापाने सुटायचं आणि इंजिन उपाशीपोटी खडखडायचं.

"मग उपाय?"

"तीन हायेत. आख्खा नवा कंप्युटर बसवायचा. न्हाईतर मुंबईहून तयार चिप आणायची, पर ती दुसऱ्याच्या गाडीच्या मापाची. तिसरा उपाय ही डबी." त्याने खिशातून काडेपेटीएवढी डबी काढून दाखवली. " जुन्यालाच जोडायची, आन् गाडी चालवत चालवत तुमच्या कंप्युटरवरून तिच्यात पेट्रोलचे आकडे भरायचे."

"म्हंजे हाकलून द्यायचं, आयतं आणायचं... न्हाईतर समजूत काढायची."

"मला समजूत काढायला आवडतं," तो तिच्याकडेच बघत म्हणाला.

"दिसतंय ते," ती म्हणाली आणि उगाचच की-बोर्ड पुसू लागली.

आठवडाभर तो रोज संध्याकाळी यायचा. डबीचा प्रोग्रॅम शिकवायचा, शिकवून झालं तरी बसून राहायचा... आणि तिलाही कुलपाची किल्ली लवकर सापडायची नाही.

"कंप्युटर जाईल तिथं मी जाणार," तिने घरी सांगून टाकलं.

"आन् तू जाशील तिथं केसरआत्या," वडील अण्णारावांनी निकाल दिला.

रविवारी मॉनिटर मागच्या सीटवर पट्ट्याने बांधला, पायाशी इन्व्हर्टर ठेवला आणि शेजारी शिवकांता मांडीवर की-बोर्ड घेऊन बसली. पुढे केसरबाई पिशवी पोटाशी धरून बसल्या. गाडी अंबाजोगाईच्या घाटाकडे निघाली. दोन्हीकडे तूर पिवळ्या फुलांनी डवरली होती. आरशात नजर भेटली की शिवकांता झटकन तुरीकडे बघायची.

"पोरा, एवढा उपद्व्याप कशापायी?" केसरबाईंनी विचारलं.

"पुण्याच्या गॅरेजात बोलावलंय, आत्या. गाडी नीट चढली तर नोकरी. मग पुण्यालाच."

शिवकांताची बोटं थबकली. हे तो बोलला नव्हता...

घाट सुरू झाला. इंजिन खडखडलं. "पेट्रोल वाढवा!" तो ओरडला. नको तितकं वाढवलं असतं तरी इंजिनाला काही झालं नसतं. गाडी नुसती मरगळली असती, आणि तो गेला नसता. एकच आकडा — तिने आरशात पाहिलं. तो किती विश्वासाने वाट बघत होता!

तिने बरोबर आकडा टाकला.

खडखड थांबली. गाडी अशी झेपावली की केसरबाईंनी डोळे मिटून "शिव शिव शिव!" सुरू केलं. बसवेश्वर लहान पोरासारखा हसत सुटला.

वर पोचल्यावर केसरबाई जीव मुठीत धरून रस्त्याकडेच्या कठड्यावर जाऊन बसल्या.

"जमलं!" तो म्हणाला.

"जमलं... जा आता पुण्याला."

"असं कावून बोलता?"

"एक आकडा चुकवला असता ना, तर तुमी इथंच राहिला असता. लई मनात आलतं."

"मग चुकवला कावून न्हाई?"

"तुमी असं हसलेलं... बघायचं होतं मला."

वाऱ्याने तिची बट गालावर आली. तिने ती तशीच राहू दिली.

"शिवकांता —" त्याच्या तोंडून पहिल्यांदाच 'मॅडम' गळून पडलं. "गाडी चढो न चढो, आज विचारणारच होतो. लग्न कराल माझ्याशी? पुण्यातबी क्लास काढता येतो. न्हाईतर मी परळीत गॅरेज काढतो. तुमी म्हणाल तसं."

"आधी अण्णांना तर विचारा," ती पुटपुटली, पण हसू काही तिला आवरेना.

"सगळं ऐकू येतंय मला!" कठड्यावरून केसरबाई गरजल्या. "उद्या ये घरी. पर ह्या गाडीनं नको रे बाबा, एस्टीनं ये!"

"गाडीनंच या," शिवकांता हळूच म्हणाली. "लांबून आवाज आला की चहा ठेवते."